उदगीरच्या मोहिमेंतील शिपायाचा सरंजाम

शके १६८१ प्रमाथी संवत्सरीं, म्हणजे इसवी सन १७६० च्या फेब्रुवारी महिन्याच्या ३ तारखेस, सदाशिवराव भाऊंनीं सलाबतजंग व निजामअल्ली या बंधूंचा मोड केला, त्या प्रसंगास आपण उदगीरची लढाई असें म्हणतों. वस्तुतः निर्वाणीचा झगडा उदगीरच्या तटाखालीं झाला नाहीं. निजामाची फौज उदगिराहून निघून औशावरून धारुराकडे सरकूं पाहत होती. मराठे तिच्या भोंवतीं घिरट्या घालीत होते. आणि औशाच्या परिसरांत तिला गांठून त्यांनीं हा निकाल लाविला. सुमारें ६० लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर हीं स्थळें या तहानें पेशव्यांस मिळालीं. या मोहिमेचीं पत्रें राजवाड्यांनीं आपल्या 'साधनां'च्या पहिल्या खंडांत १८९८ सालीं छापिलीं, व पुढें सरदेसायांच्या 'पेशवे दफ्तरा'च्या ४५ भागांनीं त्यांत भर घातली. तेव्हां लढाईच्या राजकारणाविषयीं नवें सांगण्याचा आमचा उद्देश नाहीं. त्या दिवशीं औशाच्या माळावर जो सामान्य शिपाई घोड्यावर बसला होता, त्याच्या अंगावर, कमरेला व खोगिराला काय काय होतें, आणि तें आज खरेपणानें पुन्हा जुळवावयाचें झाल्यास कोणत्या मार्गानें जावें, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

हा विचार निव्वळ हौसेचा नाहीं. अलीकडे नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत मिरवणुकींतून, किल्ल्यांवरील उत्सवांतून व शाळांच्या संमेलनांतून जुन्या लढायांचे प्रसंग सजवून दाखविण्याची आवड वाढली आहे. आवड चांगली. परंतु ती भागविण्यासाठीं जुन्या बाजारांत जो उद्योग चालतो, तो संग्राहकांनीं डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखा आहे. जुनें पातें काढून त्यास पितळेची नवी झगझगीत मूठ बसवावयाची, चिलखताचे तुकडे पाडून तिघांच्या छातीवर शिवावयाचे, गंजाखालीं झांकलेलीं अक्षरें घासणीच्या चाकावर घालवून पातें आरशासारखें करावयाचें, हे प्रकार आमच्या पाहण्यांत आहेत. एका दिवसाच्या शोभेसाठीं अडीचशें वर्षांचा पुरावा नष्ट होतो, आणि ज्याच्या नांवानें हें होतें त्या शिपायाचें चित्र तर खोटेंच राहतें.

युरोपांत ही हौस आपल्या फार पुढें गेली आहे. तेथें रोमन शिपायाचा सरंजाम अंगावर घालून कवाइती करणाऱ्या मंडळ्या आहेत. इंग्लंडांतील 'अर्मीन स्ट्रीट गार्ड' ही त्यांपैकीं एक, १९७२ सालीं निघालेली. त्यांच्या उद्योगांतून आपण घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. रोममधील त्राजन बादशहाच्या स्तंभावर शेंकडों शिपाई कोरलेले आहेत. त्यांच्या अंगांतील पट्ट्यापट्ट्यांचें कवच पाहून तें चामड्याचें असावें असें पुष्कळ दिवस कित्येकांस वाटत असे. पुढें १९६४ सालीं उत्तर इंग्लंडांत कोर्ब्रिज येथें एक पेटी जमिनींत सांपडली. तींत त्या कवचाचे लोखंडी पट्टे, बिजागऱ्या व आंतील चामड्याचे अवशेष होते. रसेल रॉबिन्सन यांनीं ते तुकडे जुळवून कवच प्रत्यक्ष उभें केलें व १९७५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां स्तंभावरील चित्र मूर्तिकारानें आपल्या सोयीनें कोरलें आहे हें कळून आलें. म्हणजे चित्राची साक्ष वस्तूच्या साक्षीनें तपासावी लागते. (रोमन म्हटल्यावर आमच्याकडील वाचकांस तेर आठवेल. तगर म्हणून 'पेरिप्लस'कारानें ज्या पेठेचें नांव दिलें आहे तेंच तें गांव. तेथील रामलिंगाप्पा लामतुरे यांच्या संग्रहांत त्या व्यापाराच्या खुणा आहेत. परंतु तेरला आला तो रोमचा माल. रोमचा शिपाई आमच्या माळावर कधीं आला नाहीं, व त्याचें सोंग आम्हांस आणण्याचें कारण नाहीं.)

आमच्याकडे जमिनींतून असा पुरावा फारसा निघावयाचा नाहीं. मराठवाड्याची काळी चिकण माती पावसाळ्यांत पाणी धरिते व उन्हाळ्यांत भेगाळते. तींत लोखंड जगत नाहीं. आमचीं शस्त्रें जगलीं तीं घरांत, आणि तींही देव्हाऱ्याच्या आश्रयानें. खंडेनवमीस पूजा करावयाची म्हणून कित्येक घराण्यांनीं एखादी तलवार, एखादी कट्यार, एखादें भाल्याचें फळ पिढ्यान् पिढ्या राखिलें. ह्या पूजेचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत. तथापि हळद-कुंकवाचें ओलें बोट पात्यावर तसेंच वाळूं दिलें तर तेथें गंज धरतो, व पुढल्या वर्षीं तो गंज विटकरीच्या भुकटीनें घासला जातो. पूजा झाल्यावर पातें कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा हात फिरवावा, एवढें केलें तरी धर्म आणि इतिहास दोन्ही साधतात.

चित्रांची साक्ष काढतांना सालाकडे लक्ष ठेविलें पाहिजे. पुण्यांत जेम्स वेल्स या चित्रकारानें काम केलें तें १७९० नंतरच्या थोड्या वर्षांत. मेणवलीच्या वाड्यांतील भिंतीवरचीं चित्रें नाना फडणिसांच्या काळचीं. ब्राउटन यानें शिंद्यांच्या छावणीचें वर्णन केलें तें १८०९ चें, व त्याचें पुस्तक १८१३ चें. तीस ते पन्नास वर्षांत पागोट्याचा घाट बदलतो, बंदुकीचा चाप बदलतो, आणि पलटणी उभ्या राहिल्यावर तर शिपायाची सगळी ठेवणच बदलते. त्यामुळें या साधनांतून १७६० चा शिपाई उचलून घेणें म्हणजे नातवाच्या अंगरख्यावरून आजोबाचें माप काढण्यासारखें आहे. उलट दिशेस 'आइन-इ-अकबरी'ची शस्त्रांची यादी दीडशें वर्षांहून जुनी. या दोन टोकांच्या मधला आधार कागदांत आहे. हजिरीपट, पागेचे जाबते, सिलेखान्याच्या याद्या, लढाईंत पडलेल्या घोड्यांच्या भरपाईचे हिशेब, यांत वस्तूंचीं नांवें, संख्या व किंमती येतात, आणि त्या कारकुनानें लिहिलेल्या असल्यामुळें त्यांत शोभेचा भाग नसतो. सुरेंद्रनाथ सेन यांच्या १९२८ च्या ग्रंथानें मराठ्यांच्या फौजेची रचना उलगडून दाखविली. एजर्टन (१८८०), अर्व्हिन (१९०३) व अलीकडील गो. ना. पंत यांचे ग्रंथ शस्त्रांच्या जाति ओळखण्यास उपयोगी आहेत.

प्रथम एक गोष्ट ठरविली पाहिजे, ती ही कीं आपण कोणता शिपाई उभा करीत आहों. पेशव्यांच्या स्वारींत बारगीर होता, शिलेदार होता, आणि गारदी होता. बारगिराचा घोडा व हत्यारें सरकारचीं किंवा सरदाराचीं, शिलेदाराचीं स्वतःचीं. यामुळें एकाच पथकांत दोघां शिलेदारांचा सरंजाम सारखा असेल अशी अपेक्षा धरणें चूक होईल. आजच्या मिरवणुकींत पन्नास जणांस एका ठाणाच्या कापडाचे सारखे अंगरखे व एका सांच्याच्या तलवारी दिलेल्या दिसतात. तो प्रकार हल्लींच्या पोलीस बँडाचा आहे. सारखेपणा असलाच तर तो गारद्यांत थोडाबहुत. बुसीच्या हाताखालीं कवाईत शिकलेला इब्राहीमखान गारदी निजामअल्लीची चाकरी सोडून भाऊंकडे आला होता, व उदगीरच्या मोहिमेंत त्याच्या तोफांचा व बंदुकांचा मारा निजामाच्या दाट गोलावर फार परिणामकारक झाला. 'गारदी' हा शब्द फ्रेंच 'गार्द'वरून आला कीं अरबी 'गर्बी'वरून, हा वाद जुना आहे; येथें एवढेंच पुरे कीं गारद्याजवळ चकमकीची बंदूक, संगीन व तोसदान असावें, आणि शिलेदाराच्या हातीं तें देऊं नये. शिलेदाराच्या किंवा बरकंदाजाच्या बंदुकीस जामगी शोभते.

आतां वस्त्रें. लोक शस्त्रांच्या मागें लागतात व वस्त्रांस शिंप्यावर सोपवितात. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांस प्रथम खोटेपणा दिसतो तो कापडांत. उदगीरच्या शिपायाचें कापड हातानें कांतलेल्या सुताचें व हातमागावरचें होतें, आणि तें सूत देशी कापसाचें. अमेरिकन जातीचा कापूस आपल्याकडे आला तो एकोणिसाव्या शतकांत. संकरित त्याहून पुढें. आणि बीटी तर २००२ नंतरचा. देशी कापसाच्या कापडाचा पोत जाड, किंचित् खरखरीत व अंगास थंड असतो. नांदेडचा गावरानी कापूस व तेथील जुनी मलमल यांचा लौकिक मोठा होता. आज तशी मलमल मिळणें नाहीं. परंतु राष्ट्रध्वजाची खादी जेथें विणली जाते असें उदगीर हें एक केंद्र आहे, आणि ज्या रणक्षेत्राचा शिपाई आपण सजवीत आहों त्याच गांवच्या मागावरचें कापड त्याच्या अंगावर घालतां येतें, ही सोय इतर कोणत्याही लढाईच्या हौशांस नाहीं.

शिवण हातची असावी. यंत्राची सरळ, एकसारखी टीप दहा हातांवरून ओळखूं येते. अंगरख्यास व बाराबंदीस बंद असतात, गुंड्या नसतात. बंद कोणत्या अंगास बांधावे हें शिंप्यास विचारूं नये: मोगलाई चित्रांत हिंदु डाव्या अंगास व मुसलमान उजव्या अंगास बंद बांधलेले दिसतात, आणि दोन्ही बाजूंचे शिपाई दाखवावयाचे असल्यास एवढ्या एका खुणेनें दोन फौजा निराळ्या होतात. खालीं गुडघ्यापर्यंत चोळणा, कमरेस शेला किंवा साधा कमरबंद, डोकीस पागोटें अथवा मुंडासें. तयार शिवून ठेविलेली पगडी घालूं नये. शिपाई रोज आपल्या हातानें मुंडासें बांधी, व तें रोज थोडें निराळें बसे. मंदील सरदारांस.

रंगाविषयीं तर फारच बेपर्वाई दिसते. आज जो भगवा किंवा लाल रंग मिरवणुकींत डोळे दिपवितो तो कोळशाच्या डांबरापासून निघालेल्या रंगांचा वंशज आहे. कृत्रिम आलिझरीन १८६९ सालीं तयार झालें. कृत्रिम नीळ १८९७ सालीं बाजारांत आली. त्यापूर्वीं तांबडा रंग आलाच्या मुळ्यांचा, निळा निळीचा, आणि तेजस्वी गुलाबी-केशरी कुसुंब्याचा. कुसुंबा म्हणजे करडईचें फूल. ज्या लातुराच्या रानांत करडई तेलासाठीं पिकते, तेथें त्याच फुलाच्या पाकळ्या वेंचून मुंडासें रंगवितां येईल, हें कोणी करून पाहिल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं, करून पाहावें. हा रंग धुण्यांत टिकत नाहीं व उन्हांत उडतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागे. मोहिमेवर चार महिने असलेल्या शिपायाचें मुंडासें त्यामुळें विटलेलेंच दाखविलें पाहिजे. बहुसंख्य शिपाई तर पांढऱ्यांतच असत, आणि तो पांढराही मळका. जानेवारी-फेब्रुवारीची बालाघाटावरील थंडी ध्यानांत घेतां घोंगडीवांचून शिपाई उभा करणें हा मोठाच प्रमाद होय. ती दखनी मेंढीच्या लोंकरीची, धनगरी मागावरची, काळी. पांघरूण, बैठक, पावसांत खोळ, घोड्याची झूल, वेळप्रसंगीं झोळी, हीं सर्व कामें तिचीं. या भागांतील हटकर मंडळींचा लढवय्येपणा प्रसिद्धच आहे. त्यांच्यापैकीं नौसाजी नाईक यांनीं हदगांवानजीकच्या नव्ह्याच्या गढींत १८१९ सालीं मेजर पिटमनच्या फौजेशीं झुंज दिली. त्या परंपरेंत घोंगडी हा सरंजामाचाच भाग मानिला पाहिजे.

पायांतील जोडा बाभळीच्या सालीनें किंवा तरवडानें कमावलेल्या चामड्याचा असावा. क्रोमनें कमावलेलें चामडें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचें. तें कापलें असतां आंत निळसर दिसतें. ही परीक्षा कमरपट्टे, म्यानें व तोसदानें विकत घेतांनाही उपयोगी पडते, व जुनें म्हणून विकलें जाणारें पुष्कळसें सामान तेथेंच उघडें पडतें.

घोड्याविषयीं. फिरतें युद्ध हें ज्या मोहिमेचें मर्म, तिच्यांतील खरा नायक भीमथडीचें तट्टू होय. तें ठेंगणें, काटक व थोड्या चाऱ्यावर राहणारें. आज मिरवणुकींत उंच मारवाडी घोडे नाचवितात, त्यामुळें स्वार उगाच राजपुतान्यांतला दिसतो. लोहे तालुक्यांतील माळेगांवास खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्यांत भरते. तेथें घोड्यांचा मोठा बाजार असतो व जनावरांचा साजही मिळतो. ठेंगण्या बांध्याचें जनावर व हातानें वळलेले दोर पाहावयाचे असल्यास संग्राहकांनीं तेथें एक फेरी जरूर मारावी. नायलॉनचे दोर टाळावेत; अगाडी-पिछाडी अंबाडीची किंवा तागाची करावी. खोगीर हें लोंकर व कापड भरून शिवलेलें असे, व जसजसें तें झिजे तसतशी त्यांत हातास येईल ती चिंधी कोंबीत. 'खोगीरभरती' हा शब्द आपण ग्रंथांविषयीं वापरतों, पण त्याचें मूळ तेथलें. तोबरा, मेखा, खरारा, चंदीची थैली, पाण्याचा पोहरा, हे जिन्नस कोणी दाखवीत नाहीं. मोहीम चालते ती यांच्यावर. भाऊंची फौज रब्बीच्या ज्वारीच्या दिवसांत या मुलखांतून फिरली. कडबा रानांत उभा होता, आणि चपळ फौजेस तो मिळे, तोफखान्याभोंवतीं गोल करून हळूहळू सरकणाऱ्या फौजेस मिळणें कठीण जाई. तोबरा रिकामा कीं भरलेला यावर त्या आठवड्याचा निकाल पुष्कळसा अवलंबून होता.

आतां शस्त्रें. शिलेदाराचें मुख्य हत्यार भाला. काठी भरीव वेळूची, सहा ते आठ हात; असा वेळू किनवटाच्या जंगलाकडून मिळण्यासारखा आहे. पोकळ बांबूस रंग देऊन जे भाले मिरवितात ते एका धक्क्यानें चिरतात. तलवारीविषयीं दोन-तीन गोष्टी सांगणें अवश्य आहे. खऱ्या तलवारीचें वजन साधारणतः एक किलोच्या आंतबाहेर असतें. शोभेच्या तलवारी मोटारींच्या कमान-पाटांपासून बनवितात व त्या याच्या दुप्पट जड असतात. ती फिरविणारा मनुष्य थोड्याच वेळांत थकतो, आणि पूर्वींचे लोक राक्षसी ताकदीचे होते अशी समजूत पाहणाऱ्यांत पसरते. जुन्या मुठी हाताला लहान लागतात, यावरून ते लोक लहान चणीचे होते असाही तर्क लढवितात. खरें कारण धरण्याच्या पद्धतींत आहे: मुठीची वाटी मनगटावर दाबून व तर्जनी पुढील नखावरून घेऊन ती तलवार धरावयाची असते. मूठ मोठी केली कीं हात सैल राहतो.

पात्याच्या पोलादासाठीं आमच्या मुलखास दूर जाण्याचें कारण नव्हतें. गोदावरीपलीकडे निर्मळचा टापू व निजामाबाद जिल्ह्यांतील कोनासमुद्रम् येथें मुशींत पोलाद होत असे, आणि तें विकत घेण्यास इराणांतून व्यापारी येत. डॉक्टर व्हॉयसी यानें ती क्रिया प्रत्यक्ष पाहून लिहून ठेविली. ती त्याच्या मृत्यूनंतर १८३२ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापली गेली. दोन निरनिराळ्या ठिकाणचें लोखंड मातीच्या मुशींत एकत्र घालून, दीर्घकाळ भट्टी पेटती ठेवून तें वितळवीत. ह्या पोलादाच्या पात्यावर जी पाण्यासारखी लहर दिसते तिला जौहर म्हणतात. नांदेडच्या इतक्या जवळ हा माल होत असतां येथील घराण्यांतून जौहरदार पातीं निघणें स्वाभाविक आहे. घासणीच्या चाकाखालीं पहिल्यानें नाहीशी होते ती हीच लहर, व तिच्याबरोबर सोन्याच्या तारेनें बसविलेलीं अक्षरें. म्हणून अनोळखी पातें हातीं आल्यास तें उजळविण्यापूर्वीं तेल लावून, तिरप्या उजेडांत धरून, बोटभर बोटभर पाहावें.

फिरंगांविषयीं सावधगिरी निराळी. सतराव्या शतकांत युरोपांतून सरळ पातीं येत व त्यांस येथें मुठी बसवीत. परदेशी कारखान्यांचीं चिन्हें त्यांवर असत. त्या चिन्हांची किंमत वाढल्यावर आमच्या लोहारांनीं तीं देशी पात्यांवरही उठविलीं. चिन्ह आहे म्हणून पातें परदेशी ठरत नाहीं. तसेंच मूठ व पातें निरनिराळ्या काळांचीं आहेत म्हणून तलवार बनावट ठरत नाहीं, कारण चांगलें पातें तीन-चार मुठींचें आयुष्य भोगी. प्रश्न एवढाच कीं ही सोयरीक केव्हां झाली. पातें मुठींत राळेनें किंवा लाखेनें बसवीत. जुनी राळ काळसर, ठिसूळ व भेगाळलेली असते. आजची रासायनिक गोंदाची भर चकचकीत व एकजीव दिसते. मुठीच्या तोंडाशीं भिंग धरल्यास उत्तर बहुधा तेथेंच मिळतें. कालनिर्णयासाठीं तुलना करावयाची झाल्यास बिकानेरच्या जुनागढांतील हत्यारें फार मोलाचीं आहेत. १६८९ सालीं अदवानी पडल्यावर अनूपसिंहानें तेथून नेलेल्या शस्त्रांवर ठिपक्यांच्या अक्षरांत तशी नोंद आहे. दक्षिणेंतील हत्यारांचा एवढा पक्का सनावळीचा आधार दुसरा क्वचित्. पुण्याचें राजा केळकर संग्रहालय व हैदराबादचें सालारजंग संग्रहालय येथेंही मापें व घाट ताडून पाहतां येतात.

चिलखत सर्वांस नव्हतें. झिरेटोप, दस्ताने, चारआइना हीं सरदारांचीं व त्यांच्या जवळच्यांचीं. सामान्य शिपायास कापूस भरून शिवलेला जाड डगला हीच संरक्षक वस्तु, व तलवारीचा ओझरता वार तो चांगला सोशी. कड्यांचें चिलखत मिळालेंच तर कडी पाहावी: जुन्या कड्या खिळ्यानें जोडलेल्या असतात. नुसतीं टोकें भिडविलेल्या कड्यांचें हलकें चिलखत बहुधा उत्तरकालीन, दरबारी शोभेचें. ढाल म्हशीच्या चामड्याची करावी. गेंड्याच्या कातड्याची पारदर्शक ढाल जुनी असेल तर ती जपावी. नवी करण्याचा प्रश्नच नाहीं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तो मिटविला आहे.

नांदेडास या विषयाचा विचार करणारास तख्त सचखंड हुजूरसाहेबाकडे पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. श्रीगुरु गोविंदसिंह यांचें देहावसान येथें ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं झालें. महाराजा रणजितसिंहांच्या साह्यानें १८३२ ते १८३७ च्या दरम्यान सध्यांचें मंदिर उठलें. आणि तेथें जतन केलेल्या शस्त्रांस दिवाळीच्या सुमारास गोदावरीच्या पाण्यानें स्नान घालण्याचा विधि अखंड चालत आला आहे. होळीस व दसऱ्यास जो हल्ला निघतो, त्यांत निहंग स्वार हत्यारांसह घोडे फेंकतात. जुना सरंजाम अंगावर वागविण्याची जिवंत परंपरा आमच्या जिल्ह्यांत आहे ती हीच. घोड्यावर बसलें असतां तलवार कोठें लोंबते, ढाल पाठीवर कशी बसते, धांवतांना शेल्यांतील कट्यार निसटूं नये म्हणून काय करितात, हें सर्व तेथें दहा पावलांवरून दिसतें, व तें कोणत्याही ग्रंथांत नाहीं. परंतु त्या मंडळींचा निळा वेष, दुमाला व चक्रें ही त्यांची धर्मखूण आहे. ती उचलून मराठा शिपायाच्या डोकीवर ठेवणें हें इतिहासाच्या दृष्टीनें खोटें व शिष्टाचाराच्या दृष्टीनें गैर होईल. गुरुद्वाराच्या परिसरांत शिकलगार मंडळींचा पिढीजाद धंदा आहे. म्यान नव्यानें मढवावयाचें, मूठ सैल झाली ती बसवावयाची, असलीं कामें चाकावर न घासतां करून मागितलीं तर हे लोक उत्तम करितात. काय करूं नये हें मात्र मालकानें आधीं सांगावें लागतें.

कायद्याचीही जाणीव असावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचीं, घरकाम-शेतीच्या उपयोगाचीं नसलेलीं धारदार हत्यारें शस्त्रांत मोडतात, व ज्या भागास तें कलम लागू केलें असेल तेथें परवाना लागतो. सोंगासाठीं म्हणून बोथट लांकडी किंवा पत्र्याचें पातें वापरणें सर्व दृष्टींनीं श्रेयस्कर. अस्सल घरीं राहूं द्यावें. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांवरील वस्तु व पाऊणशें वर्षांवरील महत्त्वाचीं हस्तलिखितें पुरावस्तु ठरतात. त्यांचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं व त्या देशाबाहेर नेतां येत नाहींत. ज्याच्या देव्हाऱ्यांत तलवार आहे त्याच्या माळ्यावर बहुधा मोडी कागदांचें दप्तर असतें. तलवारीस गिऱ्हाईक मिळतें म्हणून ती राहते, कागद रद्दींत जातात. आणि ती तलवार कोणाच्या कमरेस कोणत्या स्वारींत होती हें सांगणारा एकुलता साक्षीदार त्या रद्दींत असतो. कंधार, औसा, उदगीर, निलंगे, अहमदपूर या बाजूच्या घराण्यांत हें विशेष लागू आहे. उदगीर, निलंगे व अहमदपूर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत होतीं, त्यामुळें त्यांचे कागद पुण्याच्या संशोधकांच्या नजरेखालीं कमी आले, व दप्तरांत मोडीबरोबर फारसीही असल्यामुळें घरच्या मंडळींस तीं वाचतां येत नाहींत.

ज्यांच्या संग्रहीं पागेचा जाबता, सिलेखान्याची यादी, हजिरीपट, किंवा लग्नकार्यांत हत्यारें दिल्याघेतल्याची टीप असेल, त्यांनीं तिची दोन्ही अंगांची छायाप्रत काढून मंडळाकडे पाठवावी. अस्सल पाठवूं नये. कागदाबरोबर घरांत जें हत्यार असेल त्याची लांबी, मुठीच्या आंतील माप, वजन व म्यानाच्या मोहनाळीचें आणि तहनाळीचें रेखाटन दिल्यास फार उपयोग होईल. पातें तूर्त घासूं नये.